उन्हाळी सुट्टीतले साथरोगशास्त्र

अमेरिकेतील अटलांटा शहरात मोरहाउस हे कृष्णवर्णीय तरुणांसाठी उभे राहिलेले जुने महाविद्यालय आहे. देशाच्या रोगनियंत्रण केंद्राचे, म्हणजे सीडीसीचे, मुख्यालयही त्याच शहरात आहे. सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात ज्या समाजांतील माणसे कमी दिसतात, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी मोरहाउसने १९८२ साली ‘प्रोजेक्ट इम्होटेप’ ही अकरा आठवड्यांची उन्हाळी इंटर्नशिप सुरू केली.

तिच्यामागे विल्यम जेन्किन्स हे मोरहाउसचेच माजी विद्यार्थी होते. साठच्या दशकाच्या अखेरीस सरकारी आरोग्य खात्यात संख्याशास्त्रज्ञ असताना त्यांना टस्कीगीच्या अभ्यासाचा सुगावा लागला. अलाबामात १९३२ पासून सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर नुसती नजर ठेवली जात होती. पेनिसिलिन हाताशी आल्यावरही ते दिले गेले नाही. जेन्किन्स यांनी त्याविरुद्ध लिहिले, पण दखल कोणी घेतली नाही. त्याच खात्याचे माजी कर्मचारी पीटर बक्स्टन यांनी माहिती पत्रकारांपर्यंत पोचवल्यावर १९७२ मध्ये अभ्यास बंद पडला. जेन्किन्स यांनी पुढे साथरोगशास्त्रात डॉक्टरेट घेतली आणि सीडीसीत कामही केले. बाहेरून ओरडण्यापेक्षा आत बसून आकडे तपासणारी आपली माणसे हवीत, हे त्यांच्याइतके कोणाला पटले असेल?

इम्होटेपमध्ये आधी साथरोगशास्त्र, जीवसंख्याशास्त्र आणि शास्त्रीय लेखनाचे वर्ग होत. मग प्रत्येक विद्यार्थी एका संशोधकाच्या हाताखाली जाई आणि शेवटी निबंध लिहून तो सर्वांसमोर मांडत असे. अशा इंटर्नशिपमधले रोजचे काम मात्र बरेचसे रुक्ष असते. रुग्णांच्या यादीत वंशाचा रकाना कोरा असेल तर तो का कोरा राहिला, हे शोधावे लागते. तसाच सोडला, तर दोन वस्त्यांतल्या मृत्युदरांतली तफावत कागदावर येतच नाही. दरांची तुलनाही वयोमान जुळवूनच करायची, नाहीतर तरुण वस्ती उगाच निरोगी ठरते.

अशा कामात विद्यावेतन हा कळीचा मुद्दा आहे. उन्हाळ्यात दुकानात किंवा हॉटेलात राबून फी जमवणाऱ्या मुलाला बिनपगारी अनुभव परवडत नाही.

अशा प्रशिक्षणाची गरज आकड्यांतही दिसत होती. कृष्णवर्णीयांचे मृत्युदर गोऱ्यांइतकेच असते, तर वर्षाकाठी त्यांचे सुमारे ६०,००० मृत्यू टळले असते, असे १९८५ च्या सरकारी अहवालाने दाखवले. पुढे सीडीसीच्या पैशातून कोलंबिया आणि मिशिगनसारख्या विद्यापीठांतही असे उन्हाळी उपक्रम चालले. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यापीठ प्रवेशातला वंशाचा विचार अवैध ठरवला आणि जानेवारी २०२५ च्या अध्यक्षीय आदेशांनी विविधतेच्या नावाने चालणाऱ्या सरकारी कार्यक्रमांवर टाच आणली. त्यामुळे पात्रतेची भाषा आणि निधी, दोन्हींबाबत अशा उपक्रमांपुढे अडचण उभी राहिली.