कागद कापणारा सांचा

नवरात्रांत यवतमाळ शहर दुर्गोत्सवाच्या मंडपांनीं गजबजून जातें. पाठोपाठ दिवाळी येते आणि तुळशीचें लग्न लागलें कीं लगीनसराई. या दिवसांत घरोघरीं कागदाला कात्री लागते. पताका, आकाशकंदिलाच्या झिरमिळ्या, आहेराचीं पाकिटें, पत्रिकेच्या दर्शनी पानाची महिरप, हें सारें कापावयाचें असतें. पांचपंचवीस नग असले तर कात्री पुरे. पांचशें झाले कीं हात थकतो, आणि थकलेला हात प्रथम चुकतो तो वळणावर. पहिली आणि शेवटची महिरप शेजारीं ठेविली तर तीं एकाच घरचीं वाटत नाहींत. या अडचणीवरील तोड म्हणजे सांचा. छापखान्याच्या भाषेंत ‘डाय’.

सांच्याचें तत्त्व गृहिणींना नवें नाहीं. मोठ्या पोळीवर वाटी दाबून एकसारख्या पुऱ्या पाडाव्या, तेंच हें. कात्री कडेकडेनें चालत जाते. सांचा सगळी कड एकदम दाबतो. कणकेला मनगटाचा जोर पुरतो, जाड कागदाला पुरत नाहीं, म्हणून यंत्र.

छापखान्यासाठीं सांचा करतांना सुमारें १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडवर आकृति काढून तिच्या रेषांवर बारीक करवतीनें खांच पाडतात. अलीकडे हें काम लेसर किरणानेंही होतें. खांच सलग पाडली तर मधला तुकडा गळून पडेल, म्हणून अधूनमधून लांकडाचे पूल राखावे लागतात. मग खांचेंत धारेची पोलादी पट्टी वांकवून ठोकतात. तिची उंची सामान्यतः २३.८ मिलिमीटर, म्हणजे छपाईच्या खिळ्याहून किंचित् अधिक असते. सारें मर्म या ‘किंचित्’मध्यें आहे: खिळ्याला कागदास नुसतें टेकावयाचें असतें, पट्टीला त्याच्या पार जावयाचें असतें. जेथें घडी हवी तेथें बोथट व जराशी ठेंगणी पट्टी बसवितात. ती कागद कापीत नाहीं, वळ तेवढा उठविते. धारेच्या दोन्ही अंगांस रबराचे तुकडे चिकटविलेले असतात. ते नसले तर कापलेला कागद सांच्यांतच रुतून बसतो.

कापणें आणि घडी पाडणें यांची ही जोडी एका चुकीमुळें जुळली. अमेरिकेंत ब्रुकलिन येथें रॉबर्ट गेअर यांच्या कारखान्यांत १८७९ सालीं कागदी पिशव्यांचें काम चाललें असतां घडीची एक धातूची पट्टी जागेवरून सरकली आणि वळ उठण्याऐवजीं पिशव्या कापल्या गेल्या. माल वायां गेला. परंतु एकाच दाबांत दोन्ही कामें साधतील हें गेअर यांनीं हेरलें. आजचीं घडीचीं पुठ्ठ्याचीं खोकीं त्या नासलेल्या पिशव्यांचींच वंशज होत.

यवतमाळला छपाईचा परिचय जुना आहे. लोकनायक बापूजी अणे यांनीं ‘लोकमत’ साप्ताहिक काढलें तें याच गांवीं, १९१८ सालीं. पुढें ऑफसेट आलें आणि खिळ्यांच्या छपाईचें काम गेलें. जिल्ह्याजिल्ह्यांतील लहान छापखान्यांचीं ट्रेडल यंत्रें भंगाराच्या वजनावर विकलीं जाऊं लागलीं. जीं उरलीं त्यांतील पुष्कळांना या सांच्यानेंच तारलें. शाईचे रूळ काढून टाकावयाचे, फर्म्याच्या चौकटींत सांचा कसावयाचा, समोर पोलादी पत्रा बसवावयाचा, कीं जुनें यंत्र शाईवांचून कामाला लागतें. धार कोठें कमी लागते तें एका दाबांत ओळखून पत्र्यामागें तेवढ्याच जागीं पातळ कागदाची पट्टी डकविणारा कारागीर मात्र हवा. यंत्र उघडण्यामिटण्याच्या अवधींत कागद ठेवून हात बाहेर यावा लागतो. बोटें गमावण्याचें भय तेथें खरें आहे. मुलांना हें काम दाखवावयाचें तर दुरूनच.

घरासाठीं हल्लीं लहान यंत्रें मिळतात. उसाच्या चरकांत असतात तसे दोन रूळ, बाजूला फिरविण्याचा दांडा, आणि प्लास्टिकच्या दोन तक्त्यांमध्यें धार कागदाकडे करून ठेविलेला पातळ पोलादी सांचा. नक्षी नाजूक असल्यास मध्यें मेणकागद घालावा, म्हणजे ती अडकत नाहीं. तक्ते वापरानें वांकतात. ते आलटून पालटून घालावे. हौसेच्या दहावीस भेटपत्रांना हें यंत्र उत्तम. परंतु पांचशें पत्रिकांसाठीं तें विकत घेणें व्यवहाराचें नव्हे. त्यापेक्षां आकृति घरीं आंखून गांवांतल्याच छापखान्याकडे न्यावी. कागदाचे तंतु एका दिशेनें पसरलेले असतात. घडी त्या दिशेनें आली तर ती फुटत नाहीं, हें आंखतांनाच पाहावें. आणि करून घेतलेला सांचा काम झाल्यावर मागून घ्यावा, धारेवर तेलाचा हात फिरवावा व कोरड्या जागीं ठेवावा. पावसाळ्यांत लांकूड फुगलें कीं पुढच्या वर्षीं महिरपीचीं टोकें जुळत नाहींत.