चर्चचे नियम थोडे, आपलेच जास्त

वसईत काय नि मुंबईत काय, कॅथलिक घरांत बाळाच्या बाप्तिस्म्याची तयारी बहुधा हॉलपासून सुरू होते. हॉल ठरतो, केटररला आगाऊ रक्कम जाते, पाहुण्यांना व्हॉट्सॲपवर निमंत्रण जातं, आणि मग कोणीतरी धर्मग्रामाच्या कार्यालयात फोन करतं, "फादर, त्या रविवारी जमेल ना?" तिथे कळतं की आईवडील आणि गॉडपेरेंट्स यांची तयारीची बैठक आधी व्हायला हवी. चर्चच्या अटी मोजक्या असतात, पण त्या आधी बघाव्या लागतात. उलट "असंच करावं लागतं" म्हणून घरचे जे बजावतात, त्यातलं बरंचसं चर्चने कधी सांगितलेलंच नसतं.

सगळ्यात जास्त घोळ गॉडपेरेंट्सचा. गॉडफादर आणि गॉडमदर अशी जोडी हवीच, तीही नवरा-बायकोची, असा समज आहे. १९८३च्या कॅनन लॉनुसार, म्हणजे चर्चच्या कायद्यानुसार, एकही पुरे. दोघं असतील तर एक पुरुष आणि एक स्त्री. म्हणजे दोन्ही मावश्यांना खूश ठेवायला दोघींची नावं घालता येत नाहीत, आणि चार-चार गॉडपेरेंट्स ही तर निव्वळ फोटोपुरती सोय. ज्याला निवडाल त्याचं वय साधारणपणे १६ पूर्ण हवं (सबळ कारण असेल तर फादर सूट देऊ शकतात), त्याचा दृढीकरण संस्कार झालेला हवा, आणि तो बाळाचा जन्मदाता नसावा. काका-आत्यांपैकीच कोणी हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. ते रुसतील, ही गोष्ट वेगळी. त्यावर कॅनन लॉमध्ये उपाय नाही.

जिवलग हिंदू मित्राला गॉडफादर करता येत नाही. प्रोटेस्टंट मैत्रीण साक्षीदार म्हणून उभी राहू शकते, पण सोबत एक कॅथलिक गॉडपेरेंट असावा लागतो. आणि आईवडिलांचं काही बरंवाईट झालं तर मूल आपोआप गॉडफादरकडे जातं, हा समज सिनेमातला असावा. गॉडफादरची जबाबदारी श्रद्धेची. कायदेशीर पालक नेमायचा तो न्यायालयाने, १८९०च्या पालक आणि पाल्य कायद्यानुसार.

"चाळीस दिवस झाल्याशिवाय बाळंतिणीने चर्चची पायरी चढू नये," असं आजी अजून म्हणतात. त्यामागे जुना रिवाज आहे. पूर्वी बाळ काही दिवसांचं असतानाच बाप्तिस्मा व्हायचा, आई घरीच असायची, आणि गॉडमदर बाळाला घेऊन जायची. चाळिसाव्या दिवसानंतर आईसाठी वेगळा आशीर्वाद असे. १९६९मध्ये लहान मुलांच्या बाप्तिस्म्याचा नवा विधी आला आणि मुख्य जागा आईवडिलांना मिळाली. बाळाचं नाव त्यांना विचारतात, श्रद्धेचे प्रश्नही त्यांना आणि गॉडपेरेंट्सना. तेव्हा आईची तब्येत सावरेपर्यंत थांबावं. जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत बाप्तिस्मा व्हावा, एवढंच चर्च सांगतं. विधी चालू असताना बाळ रडलं, भुकेलं, तर खुशाल पाजावं. पोप फ्रान्सिस यांनी सिस्टिन चॅपेलमधल्या बाप्तिस्म्याच्या वेळी आयांना हेच सांगितलं होतं.

बिगरख्रिस्ती पाहुण्यांना चर्चमध्ये बसता येत नाही, हा आणखी एक समज. खुशाल बसावं. वसई धर्मप्रांतात मराठी मिस्सा रोजच्या सरावाची, त्यामुळे काय चाललंय ते कळतंही. अडचण एकाच ठिकाणी येते. बाप्तिस्मा मिस्सेत असेल तर कम्युनियनच्या वेळी रांग लागते, आणि शेजारच्या काकू प्रसाद समजून भाबडेपणाने रांगेत उभ्या राहतात. कम्युनियन बिगरकॅथलिक पाहुण्यांसाठी नसतं. पुढे जाऊन नाही म्हटलं जाण्यापेक्षा यजमानांनी निमंत्रणाच्या वेळीच हळूच सांगून ठेवलेलं बरं. बाप्तिस्मा मिस्सेबाहेर, वेगळा ठेवला असेल तर हा प्रश्नच येत नाही.

आता जेवण. पोर्क आणि वाइन नसेल तर बाप्तिस्मा कसला, असं पाहुणे बोलून दाखवतात. धर्माचा याच्याशी काडीचा संबंध नाही. ही पोर्तुगीज काळापासून रुळलेली चव आहे, आणि ती झकास आहे, हे मात्र मान्य. पोर्कचं सोरपोतेल दोन-तीन दिवस आधी करून रोज गरम करत राहिलं की व्हिनेगर मुरतं. त्याच दिवशी केलेलं फिकं लागतं. ईस्ट इंडियन घरांत फुगे हवेतच. आंबवलेलं पीठ मुठीत घेऊन अंगठ्याजवळून पिळायचं, तेलात पडलं की गोळा टम्म फुगतो. हे काम केटररपेक्षा घरची मावशी बरं करते. ज्या घरात हिंदू, मुसलमान, जैन स्नेही येणार, तिथे पोर्कची हंडी वेगळ्या टेबलावर, वेगळ्या डावासह आणि वर ठळक पाटी लावून ठेवावी. हॉलवर वाइन-बिअर वाढायची असेल तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा एक दिवसाचा परवाना आधी काढावा. घरगुती कार्यक्रमाला परवाना कशाला, हा समज महागात पडतो.

लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, बाप्तिस्मा होतच नाही, असं नाही. पण अनेक धर्मग्रामांत तेव्हा टाळतात, म्हणून आधी विचारावं. चर्चला फी भरावी लागते, हेही अर्धवट खरं. रिवाजाप्रमाणे देणगी देतात, पण ती देता आली नाही म्हणून गरिबाचा संस्कार अडवता येत नाही.

एक कागद मात्र कोणीच नीट बघत नाही. बाप्तिस्म्याचा दाखला जन्मदाखल्याच्या जागी चालतो, या भ्रमात राहू नका. जन्माची नोंद महापालिकेत किंवा ग्रामपंचायतीत २१ दिवसांत वेगळी करायची असते. धर्मग्रामाच्या वहीतली नोंद वेगळ्या कामाची. त्याच ओळीशेजारी पुढे दृढीकरण आणि लग्न यांची नोंद होते, आणि लग्न ठरलं की नवा उतारा याच वहीतून मागवतात. म्हणून केक कापायला हॉलवर पळण्याआधी कार्यालयात दोन मिनिटं थांबा आणि बाळाच्या, आईच्या नावाचं स्पेलिंग जन्मदाखल्याशी ताडून बघा.