मेंदूतील अर्बुदे, चुंबकीय प्रतिमा आणि मराठी वाक्य

मेंदूतील अर्बुद काढताना शल्यविशारदापुढे दोन प्रश्न असतात: अर्बुद कोठवर पसरले आहे, आणि त्याच्या लगतचा कोणता भाग रुग्णाच्या वाणीसाठी राखलाच पाहिजे. पहिल्याचे उत्तर नेहमीच्या एम.आर.आय. प्रतिमेतून पुष्कळसे मिळते. दुसऱ्याचे मिळत नाही. ब्रोका यांनी १८६१ मध्ये वाणीचा संबंध ललाटखंडाशी जोडला खरा. परंतु भाषेची स्थाने व्यक्तिपरत्वे बदलतात, आणि अर्बुदाच्या दाबाने ती सरकतातही. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी कार्यदर्शी एम.आर.आय.चा अवलंब करतात. या पद्धतीत भाषाशास्त्राचे काम कोणते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

या पद्धतीचे मूळ रक्ताच्या एका गुणधर्मात आहे. ऑक्सिजन सोडलेले हीमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात किंचित व्यत्यय आणते. ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन तसे करीत नाही. मेंदूचा एखादा भाग कार्यरत झाला की तेथे गरजेहून अधिक ताजे रक्त येते, व्यत्यय घटतो आणि संकेत वाढतो. ओगावा व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये या तत्त्वावर प्रतिमा घेता येतात हे दाखविले. ही वाढ अवघी काही टक्क्यांची असते, आणि ती कार्यानंतर सुमारे पाच-सहा सेकंदांनी शिगेस पोहोचते.

इतका क्षीण फरक एकट्या प्रतिमेत ओळखू येत नाही. रुग्णास आळीपाळीने दोन कामे देऊन दोन्ही अवस्थांची तुलना करावी लागते. म्हणजे नकाशावर रंगलेला भाग 'भाषा' दाखवीत नसून दोन कामांतील भेद दाखवितो. ही विचारपद्धती आपणांस नवी नाही. 'काल' आणि 'गाल' ही जोडी समोर ठेवूनच आपण दोन स्वनिम वेगळे करतो. जोडी चुकली तर निष्कर्ष चुकतो. येथे मात्र त्या चुकीची किंमत रुग्णाची वाणी असते.

चित्र पाहून वस्तूचे नाव मनात उच्चारणे, ही सर्वत्र रूढ असलेली चाचणी. तिने शब्दस्मरण तपासले जाते, व्याकरण नव्हे. मराठीत 'राम पोळी खातो' येथे क्रियापद कर्त्याचे लिंग घेते. 'रामाने आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळे खाल्ले' येथे ते कर्माच्या मागे जाते. वस्तूंची नावे अचूक सांगणाऱ्या व्यक्तीचीही वाक्यरचना ढासळलेली असू शकते, हे वाचाघाताच्या अभ्यासातून सुविदित आहे. म्हणून 'रामाने पोळी खाल्ला' हे वाक्य बरोबर की चूक, याचा निर्णय कळ दाबून देण्याची चाचणी मराठीभाषकासाठी उपयुक्त ठरेल. तीत ओठ व डोके हलत नाही, आणि उत्तराची शहानिशाही होते.

येथे एक विवेक आवश्यक आहे. संशोधकास अरुंद भेद हवा असतो: वर्तमानकाळी वाक्ये वजा केली की केवळ कर्मसंवाद उरावा. शल्यविशारदास तो घातक ठरेल; कारण दोन्ही वाक्यांना समान असलेली, पण राखावयाचीच, स्थाने वजाबाकीत नाहीशी होतात. त्याच्यासाठी तुलनेचे काम भाषेपासून दूरचे, उदाहरणार्थ निरर्थक आकृत्यांची जुळणी, असावे. तसेच ओजेमन व व्हिटेकर यांनी १९७८ मध्ये द्विभाषिकांत दोन भाषांची स्थाने अंशतः भिन्न आढळल्याचे नोंदविले. घरी मराठी आणि कचेरीत इंग्रजी बोलणाऱ्या पुणेकराची तपासणी दोन्ही भाषांत व्हावयास हवी.

या प्रतिमांना मर्यादाही आहेत. अर्बुदालगतच्या रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद बिघडलेला असल्यास कार्यरत भागही नकाशावर कोरा दिसतो. पाण्याच्या रेणूंच्या विसरणावरून तंतुमार्ग रेखाटणारी दुसरी पद्धत भाषास्थानांना जोडणारा कमानी तंतुपुंज दाखविते. पण सूज असेल तेथे तीही अडखळते. म्हणून रंग नाही तेथे कार्य नाही, असे मानता येत नाही. अंतिम निर्णय जागृत रुग्णाच्या मेंदूस सौम्य विद्युत्स्पर्श करून घेतला जातो, आणि तेथेही रुग्णास काय विचारावे हा प्रश्न भाषेचाच असतो.

डेक्कन महाविद्यालय १९३९ मध्ये संशोधनसंस्था म्हणून पुन्हा सुरू झाले, तेव्हापासून पुण्यात भाषाशास्त्राचे उच्च अध्ययन चालत आले आहे. मराठीच्या लिंगव्यवस्थेचे व प्रयोगांचे आपले विवेचन ग्रंथालयात राहते. त्यातून निवडक वाक्यांचे, वारंवारता व लांबी यांनी तोललेले संच तयार झाले, तर ते शस्त्रक्रियागृहात उपयोगी पडेल. पदव्युत्तर प्रबंधासाठी याहून निकडीचा विषय शोधावा लागणार नाही.