मधुमेह आणि दृष्टि

महाबळेश्वरीं आर्थर सीटवर उभें राहिलें असतां सावित्रीचें खोल खोरें पायांखालीं पसरलेलें दिसतें. पण धुकें चढूं लागलें, म्हणजे क्षणार्धांत कांहींच दिसेनासें होतें. तें धुकें वाऱ्याबरोबर विरतें. मधुमेहानें डोळ्यांवर येणारें धुकें मात्र तसें नाहीं. त्यानें नेलेली दृष्टि बहुधा पुरती परत येत नाहीं. म्हणून तें दाटण्यापूर्वींच उपाय केला पाहिजे.

मधुमेहांत रक्तांतील साखर वाढते. ती वर्षानुवर्षें वाढलेली राहिली, म्हणजे डोळ्याच्या मागील पडद्यांतील अतिसूक्ष्म रक्तवाहिन्या दुबळ्या होतात. त्यांतून रक्त व पाणी झिरपतें. कांहीं वाहिन्या बुजतात, आणि पुढें नव्या, नाजूक वाहिन्या फुटून त्यांतून रक्तस्राव होतो. आरंभीं डोळा दुखत नाहीं, लालही होत नाहीं. रोगी वर्तमानपत्र बिनचूक वाचतो आणि निश्चिंत राहतो. खरा धोका येथेंच आहे.

कित्येक म्हणतात, "दिसेनासें झालें, तर शस्त्रक्रिया करूं." ही समजूत मोतीबिंदूवरून झालेली आहे. मिरजेस १८९४ सालीं डॉ. वानलेस यांनीं इस्पितळ उघडल्यापासून आपल्या भागांतील असंख्य लोकांस मोतीबिंदु काढून पुन्हां दिसूं लागलें. परंतु पडद्याची हानि ही निराळी गोष्ट आहे. लेसर किरण, डोळ्यांत द्यावयाचीं इंजेक्शनें व शस्त्रक्रिया यांनीं उरलेली दृष्टि पुष्कळदां वांचवितां येते. गेलेली सर्व परत आणतां येत नाहीं.

मग करावें काय? साखर व रक्तदाब काबूंत ठेवावा आणि तंबाखू सोडावी. साखर नीट ताब्यांत ठेवल्यास इन्सुलिन घेणाऱ्या रोग्यांच्या डोळ्यांस अपाय पुष्कळ कमी होतो, हें अमेरिका व कॅनडा येथील मोठ्या अभ्यासानें १९९३ सालीं सिद्ध झालें आहे. शिवाय, उत्तम दिसत असलें तरी, वर्षांतून एकदां पडदा तपासून घ्यावा. प्रौढपणीं जडणाऱ्या मधुमेहांत ही तपासणी निदान होतांच करावी. कारण रोग कळण्यापूर्वींच तो कित्येक वर्षें शरीरांत असूं शकतो. एकाएकीं काळे ठिपके किंवा जाळें दिसूं लागल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें.

तपासणीसाठीं औषधाचे थेंब घालून बाहुली मोठी करितात. त्यामुळें कांहीं तास अंधुक दिसतें आणि रोग्यास सोबत लागते. विद्यार्थिमित्रहो, येथें आम्हांस तुमची आठवण होते. या सुटींत घरीं गेल्यावर आजी-आजोबांस विचारा, "थेंब घालून डोळे शेवटचे केव्हां तपासले?" वर्ष उलटलें असेल, तर त्यांचा हात धरून तुम्हीच त्यांस घेऊन जा. ज्यांनीं तुम्हांस चालावयास शिकविलें, त्यांची वाट उजळ ठेवणें तुमच्याही हातीं आहे.