पुन्हां फियाट

एके काळीं नाशकांत डॉक्टर-वकिलांच्या दारीं उभी असलेली ती लहानशी फियाट पुष्कळ वर्षांनीं पुन्हां आपल्या घरीं आणावी, असें कित्येकांस वाटतें. मीहि तें धाडस नुकतेंच केलें. म्हणून चार शब्द सांगतों.

गाडी मूळची इटलीची खरी, पण कुर्ल्यास ती घडविणारी प्रीमियर कंपनी शेठ वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिली. आपल्या जिल्ह्यांतील रावळगांवचा साखर कारखानाहि त्यांचाच! 'फियाट ११००' पुढें 'पद्मिनी' झाली, आणि २००० सालाच्या सुमारास तिची निर्मिति थांबली.

गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबावर असतो. हात तो विसरत नाहींत. चोक ओढला कीं हवा कमी होऊन मिश्रण दाट होतें, हेंहि दोन सकाळींत आठवतें. खरी अडचण पेट्रोलची आहे. आजच्या पेट्रोलांत शेंकडा वीसपर्यंत इथेनॉल असतें. त्यानें जुन्या रबरी नळ्या व पंपांतील पडदा फुगतो, चिरतो, आणि तापलेल्या एंजिनावर पेट्रोल ठिबकूं लागतें. माझ्या गाडींत तें वेळींच दिसलें, हें सुदैव. तेव्हां रंग-रोगण मागाहून. नळ्या व पडदा प्रथम बदलावा.

उन्हाळ्यांत कसाऱ्याचा घाट चढतांना पेट्रोलची नळींतच वाफ होऊन गाडी थांबते. पंपावर ओलें फडकें टाकून स्वस्थ बसावें. माझे वडील हेंच करीत, व आम्ही मुलें तेवढ्यांत करवंदें शोधीत असूं.