चौकट वाकडी दिसतेय? मोतीबिंदू समजून थांबू नका

साठीनंतर नजर कमी झाली की घरात ठरलेलं वाक्य येतं: मोतीबिंदू असेल, पिकला की काढू. पण मोतीबिंदूत सगळंच धूसर होतं. दाराची चौकट नागमोडी दिसणं, समोरच्याच्या चेहऱ्यावर डाग येणं, ही एएमडीची खूण असू शकते. एएमडी म्हणजे वयोमानाने होणारं मॅक्युलर डिजनरेशन. यात डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, मॅक्युला, खराब होतो. वाचणं, सुई ओवणं, माणूस ओळखणं सगळं याच्याच जोरावर.

बहुतेकांना ‘ड्राय’ प्रकार असतो, तो हळू वाढतो. ‘वेट’ प्रकारात पडद्याखाली नाजूक रक्तवाहिन्या उगवून पाझरतात आणि काही आठवड्यांतही नजर जाऊ शकते. त्यावर थेट डोळ्यात इंजेक्शन देतात. ऐकून धडकी भरते, पण आधी डोळा बधिर करतात. गेलेली नजर मात्र पूर्ण परत येईलच असं नाही.

एक डोळा बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो, म्हणून लवकर कळत नाही. वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून गणिताच्या चौकटीच्या वहीकडे पाहा. रेषा वाकल्या किंवा मध्येच गायब झाल्या, तर लगेच रेटिना तज्ज्ञाकडे जा. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त.

बाजूची नजर सहसा टिकते. त्यामुळे आजी घरभर फिरतात, पण दारात आलेल्याला ओळखत नाहीत. तो आखडूपणा नसतो; आधी नाव सांगावं. काहींना तर नसलेली माणसं, नक्षी दिसते. हा वेडाचा प्रकार नाही, याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात.