लाकडी ठशातून घरी आलेला संत

पंधराव्या शतकात दक्षिण जर्मनीतल्या गरीब घराला रंगवून घेतलेलं संताचं चित्र परवडणं कठीण होतं. ते त्याच्या आवाक्यात आणलं लाकडी ठशाने. हे काम कसं चाले, ते आपण क्रमाने पाहू.

आधी हवा कागद. उल्मान श्ट्रोमर याने १३९० मध्ये न्युरेंबर्गजवळ कागदाची गिरणी सुरू केली. तिथे जुन्या कापडाच्या चिंध्यांचा लगदा करून कागद बनवत. तो चर्मपत्रापेक्षा, म्हणजे लिहिण्यासाठी कमावलेल्या कातड्यापेक्षा, खूप स्वस्त पडे.

मग चित्रकार पेअरसारख्या घट्ट लाकडाच्या फळीवर रेखाटन करी. छाप उलटा उमटतो, त्यामुळे अक्षरंही उलटी काढावी लागत. इथे हमखास चूक होई.

पुढचं काम कोरक्याचं. रेषा तशीच ठेवून तो भोवतीचं लाकूड काढून टाकी. रबरी शिक्क्यावर अक्षरं उठून दिसतात तसंच. रेषा फार बारीक ठेवली की तुटे. मग तेवढीच खाच पाडून लाकडाचा नवा तुकडा बसवत.

आता काजळीची शाई. ती जास्त झाली तर खोलगट भाग भरून चित्र बुजे, कमी पडली तर रेषा तुटक उमटे.

ओलसर केलेला कागद ठशावर ठेवून मागून घासत किंवा दाबयंत्राने दाबत. कागद जरा सरकला की रेषा दुहेरी येत.

शेवटी हाताने किंवा छिद्रपट्टीने, म्हणजे आकार कापलेल्या पातळ पट्टीवरून, रंग भरत. घाईत रंग रेषेबाहेर जाई.

संत क्रिस्टोफरच्या एका प्रसिद्ध छापावर १४२३ हे साल कोरलेलं आहे. त्याचं दर्शन घेतलं की त्या दिवशी वाईट मरण येत नाही, अशी श्रद्धा होती. अशी चित्रं लोक भिंतीवर, पेटीच्या झाकणात चिकटवत. पुढे हेच तंत्र धर्मसुधारकांनी उचललं: १५२१ मध्ये जर्मन चित्रकार क्रानाखच्या कार्यशाळेतल्या ठशांनी पोपवर जोडचित्रांतून टीका केली. ज्याला वाचता येत नव्हतं, त्यालाही वाद समजू लागला.

रोज हाताळलेली बहुतेक चित्रं झिजून गेली. १४२३ चा छाप वाचला, कारण तो हस्तलिखिताच्या वेष्टनाच्या आत चिकटवलेला होता. म्हणून संग्रहालयात असा जुना छाप दिसला, तर आपण त्याच्या तुटक रेषा आणि सांडलेले रंग जरूर पाहा. तो कुणासाठी, किती घाईत आणि किती स्वस्तात केला होता, ते त्यांतूनच कळतं.